खंडेनवमीला लेथला हार घालायच्या आधी चक काढून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा तोंडावर आलाय. उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात आता मशीनं पुसायची गडबड सुरू होईल, खंडेनवमीला लेथला, म्हणजे जॉब गोल फिरवून कापणाऱ्या मशीनला, झेंडूचा हार, हेडस्टॉकला हळदकुंकू, पुढ्यात नारळ. हा दिवस मला मनापासून आवडतो, कारण वर्षात एकच दिवस असा येतो की मालक, टर्नर, हेल्पर सगळे मिळून मशीनला हात लावतात आणि कोणी जॉब कधी देणार म्हणून विचारत नाही. पण ज्या चकला, म्हणजे जॉब जबड्यांत धरणाऱ्या तोंडाला, आपण हार घालतो तो चक गेल्या खंडेनवमीपासून एकदा तरी स्पिंडलवरून, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या दांड्यावरून, खाली उतरलाय का? बऱ्याच शेडमध्ये याचं उत्तर नाही असं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितोय. आपल्या पेपरात नव्या गुंतवणुकीच्या, सीएनसीच्या, रोबोटच्या बातम्या येतात, त्या यायलाच पाहिजेत, पण या भागातलं दुरुस्तीचं बरंचसं काम, पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळाचे रोलर, कारखान्याच्या बुशा, अजून साध्या लेथवर होतं आणि त्यातल्या पुष्कळ मशीनांचा चक आट्यांवर बसणारा आहे. त्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही.

लेथला चक बसवायच्या पद्धती वेगवेगळ्या. नव्या मशीनना कॅमलॉक असतो, चावी फिरवली की चक सुटतो, उलटा चालवला तरी सुटत नाही. पण जुन्या पट्ट्याच्या मशीनना, बटाला-राजकोटच्या स्वस्तातल्या मशीनना, बेंचवरच्या छोट्या लेथना स्पिंडलच्या नाकावर सरळ आटे पाडलेले असतात आणि चकची बॅकप्लेट, म्हणजे मागची बिडाची चकती, नटासारखी त्यावर चढते. बाहेरच्या जगातही हेच. विलायतेतलं मायफर्ड सात नंबरचं लेथ घ्या, त्याचं नाक सव्वा इंचाला एक सूत कमी आणि इंचाला १२ आटे, अमेरिकेतलं साउथ बेंडचं नऊ इंची घ्या, त्याचं दीड इंच आणि इंचाला ८ आटे. आपल्याकडे किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला मशीन टूलचा कारखाना काढला, १९५३ साली बंगळूरला एचएमटी उभी राहिली, त्यानंतर आजवर किती पद्धती आल्या, पण आट्याचा चक गेला नाही, कारण तो स्वस्त आहे, साधा आहे आणि नीट सांभाळला तर शंभर वर्षं काम देतो.

आता हे आटे नेमकं काय करतात ते समजून घेतलं पाहिजे, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. आटे फक्त चकला मागे ओढून धरतात. चक सेंटरमध्ये बसवायचं काम आट्यांचं नाही, ते काम आट्यांच्या मागे जो गुळगुळीत गोल भाग असतो त्याचं, त्याला आपण रजिस्टर म्हणतो, आणि त्याच्या मागच्या खांद्याचं. बॅकप्लेट रजिस्टरवर नीट चढली आणि तिचा फेस खांद्याला सगळीकडून टेकला की चक खरा. म्हणून चक अर्धा चढवलेला असताना हलवला तर डुगडुगतो, नवीन पोरगं घाबरतं की आटे गेले, आटे गेलेले नसतात, ते मुद्दाम सैल ठेवलेले असतात. उलट खांद्यावर एक बारीकशी चिप जरी अडकली तरी चक तिरका बसतो, मग तुम्ही जॉबला डायल, म्हणजे वाकडेपणा मोजायचं घड्याळ, लावून जबड्यात कागदाच्या पट्ट्या घालत बसता आणि दोष चकला देता. मी बघितलंय, खांद्यावरून नखाने काढली ती पितळेची चिप केसाएवढी होती आणि चकच्या तोंडावर डायल दहा शतांश मिलिमीटर नाचत होता. फडकं मारून परत बसवला, डायल शांत.

दुसरी गोष्ट दिशेची. आटे उजवे असतात, म्हणजे टेलस्टॉककडून, मशीनच्या उजव्या टोकाकडून, बघितलं तर चक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला की चढतो. स्पिंडल सुलट चालताना कट मारला की टूल जॉबला मागे ढकलतं आणि त्या ढकलण्याने चक अजून घट्ट होतो. चौकोनी बार रफ करताना, कास्टिंगचा रायझर, म्हणजे ओतताना राहिलेला जादा उंचवटा, उडवताना तर प्रत्येक फेऱ्याला ठोका बसतो, एका मिनिटात शेकडो ठोके, आणि प्रत्येक ठोक्याने चक केसभर पुढे आवळला जातो. त्यात वर्षभर कूलंटचं पाणी मागून झिरपलेलं, आटे कोरडे, गंज धरलेला. असा चक मग सहा महिन्यांनी हाताने सुटणार कसा?

आणि नेमका तो कधी काढायची वेळ येते? फोर जॉ, म्हणजे चार जबड्यांचा चक, लावायचा असतो, कारखान्याचा जॉब दारात उभा असतो, गाळप हंगाम सुरू झालेला असतो आणि गाडीवाला हॉर्न मारत असतो. अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. जबड्याखाली लाकडाचा ठोकळा नाहीतर लोखंडी बार घालतात आणि बटणाने मशीन उलटं फिरवतात. मोटरच्या झटक्याने चक सुटतो, खरंय, आणि दहापैकी आठ-नऊ वेळा काही होतही नाही, म्हणून तर ही सवय मोडत नाही. पण उरलेल्या वेळी ठोकळा उडतो, बॅक गिअरचा, म्हणजे स्पिंडलचा वेग कमी करणाऱ्या गिअरचा, दात जातो, नाहीतर चक एकदम सुटून गरगरत आट्यांवरून उतरतो आणि बेडवर, म्हणजे खालच्या बिडाच्या पट्ट्यांवर, आपटतो. आठ इंची चक बॅकप्लेटसकट पंधरा-वीस किलोच्या घरात जातो. तो पडताना माणूस नकळत हात पुढे करतो. आमच्याच भागातल्या एका शेडमध्ये एका हेल्परची दोन बोटं अशीच चक आणि बेडच्या मध्ये सापडली, पोरगं विशीतलं होतं, बोटं वाचली पण आता मूठ पूर्ण मिटत नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की चक काढायची एक पद्धत असते. याचा मला राग येतो, आणि तो राग पोरावर नाही.

पद्धत काही अवघड नाही. सगळ्यात आधी मेन स्विच खाली, नुसतं स्टॉपचं बटण नव्हे, आणि ज्याने स्विच खाली केला त्यानेच तो वर करायचा. मग बेडवर लाकडी फळी ठेवायची, खालून बेडच्या दोन पट्ट्यांमध्ये बसेल असा ठोकळा मारलेली, म्हणजे सरकत नाही. वरून चकच्या गोलाईची खाच काढली तर उत्तमच, चक सुटला की त्या खाचेत बसतो. जबड्यात एक गोल बार धरायचा जो मागे स्पिंडलच्या भोकात बराच आत जातो, म्हणजे आटे संपले तरी चक त्या बारवर लटकून राहतो. या दोन वस्तूंना खर्च शून्य, भंगारातली फळी आणि भंगारातला बार, पण तरी दहा शेडमध्ये जाऊन बघा किती ठिकाणी ती फळी दिसते.

चक सोडवायला माझी आवडती पद्धत ठोकळ्याचीच आहे, फक्त मोटरशिवाय. बेडच्या मागच्या बाजूला, म्हणजे आपण उभे राहतो त्याच्या पलीकडे, कडक लाकडाचा ठोकळा उभा करायचा आणि एक जबडा त्यावर टेकेल इतका चक फिरवायचा. पट्टा सगळ्यात हळू स्पीडच्या पुलीवर घ्यायचा. मग हाताने पुली उलटी ओढायची, आधी थोडी सुलट मागे घेऊन एकदम झटका द्यायचा. चक ठोकळ्यावर अडतो, स्पिंडल उलटं फिरतं, आटे सुटतात. जोर लावून ताणत बसण्यापेक्षा एक झटका जास्त काम करतो हे लक्षात ठेवा. वेळच्या वेळी निघणारा चक पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुटतो.

नाही सुटला तर जबड्यात जाड सहाकोनी बार घट्ट धरायचा, त्याला मोठा रिंग पाना लावायचा आणि पान्याचा दांडा वरून आपल्याकडे ओढायचा, नाहीतर मोगरीने दांड्याच्या टोकावर ठोका द्यायचा. स्पिंडल मात्र धरून ठेवायला पाहिजे आणि ते बॅक गिअर गुंतवून धरू नका, हे मी हात जोडून सांगतो. बॅक गिअर लावला आणि बुल गिअरची, म्हणजे स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची, पिनही आत ठेवली की स्पिंडल कुलूप लावल्यासारखं अडकतं, म्हणून सगळे तेच करतात, पण तो सगळा झटका बिडाच्या दोन दातांवर जातो. जुन्या मशीनचा तो गिअर बाजारात तयार मिळत नाही, पॅटर्न, कास्टिंग, मिलिंग करत बसावं लागतं आणि तेवढे दिवस मशीन बंद. त्यापेक्षा पट्टा ताणून धरा, किंवा स्पिंडलच्या मागच्या टोकाला क्लॅम्प बनवून घ्या, टर्नरला क्लॅम्प बनवायला काय लागतं. चकची चावी तिच्या भोकात घालून तिच्यावरच जोर देणं तर अजिबात नको, आतला पिनियन तुटतो आणि चकच हातचा जातो. जबड्यावर हातोडा मारणारेही बघितलेत, त्या जबड्यांकडून नंतर सरळ जॉबची अपेक्षा करू नये.

खरोखर जाम झालेल्या चकला वेळ द्यावा लागतो. बॅकप्लेटच्या मागून, खांद्याच्या कडेने गंज सोडवायचं तेल सोडा, ते नसेल तर डिझेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी बॅकप्लेटच्या मधल्या बोळक्यावर मोगरीने चहूबाजूंनी हलके ठोके द्या म्हणजे तेल आत उतरतं. मग गरम करायचं, पण गॅस कटिंगच्या नळीने लाल करायचं नाही, हेडस्टॉकचं बेअरिंग तिथून अगदी जवळ आहे. हीट गनने फक्त बॅकप्लेट पटकन तापवायची, स्पिंडलला ऊब पोचायच्या आत. बीड ६० अंशांनी तापलं तर ५० मिलिमीटरचं भोक साधारण ३ शतांश मिलिमीटरने मोठं होतं, ऐकायला कमी वाटतं पण गंजाची पकड सुटायला तेवढं बऱ्याचदा पुरतं. तरीही नाही निघाला तर चक बॅकप्लेटवरून बोल्ट काढून वेगळा करा, हे फारसं कोणी करत नाही, आणि उरलेल्या बॅकप्लेटच्या बोल्टच्या भोकांना लांब जाड पट्टी आवळा, मग हातभर लिव्हर मिळते. आणि अगदीच वेळ आली तर बॅकप्लेट कापा. बॅकप्लेट म्हणजे बिडाचा एक तुकडा, तो दुसरा ओतून मिळतो, स्पिंडल मिळत नाही.

चढवताना सुद्धा तेवढीच काळजी लागते, खरं तर जाम होण्याचं निम्मं कारण चढवण्यातच असतं. बॅकप्लेटच्या आतले आटे साफ करायला एक जाड तार घ्या, तिचं टोक काटकोनात वाकवून आट्याच्या मापाची धार लावा आणि आट्यांतून फिरवा, बाहेर किती घाण येते बघा. जुना दात घासायचा ब्रश आणि रॉकेल स्पिंडलच्या आट्यांना. खांदा आणि बॅकप्लेटचा फेस फडक्याने पुसून वरून बोट फिरवायचं, डोळ्याला न दिसलेली चिप बोटाला लागते. कॉटन वेस्टचा धागा मागे राहतो, त्यामुळे शेवटचा हात सुती कापडाचा पाहिजे. मग पातळ तेलाचं बोट आट्यांना, ग्रीस नको. फळीवर चक उचलून हाताने फिरवत चढवायचा, शेवटचं पाव वळण जरा जोरात म्हणजे खांद्याला टेकल्याचा आवाज येतो, तेवढं बास. मशीन चालू करून चक धरून ठेवायचा म्हणजे तो आपोआप चढतो, ही जी झटपट पद्धत काही जण पोरांना शिकवतात ती बंद व्हायला पाहिजे, तिच्यात मनगटही जातं आणि चकही असा आवळतो की पुढच्या वेळी वर सांगितलेलं सगळं करावं लागतं. काही जण खांद्यावर कागदाची वायसर घालतात, चक सहज सुटतो म्हणून. चक सुटतो हे खरं, पण धातूला धातू टेकल्याचा खरेपणा जातो, मला स्वतःला ते पटत नाही, तेल लावून वेळच्या वेळी काढला तर कागदाची गरज पडत नाही.

अजून एक नवीन भानगड आलीय तिच्याबद्दल लिहिलंच पाहिजे. आता जुन्या लेथला एसी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा डबा, बसवायचं फॅड आहे, स्पीड हवा तसा मिळतो, चांगली गोष्ट आहे. पण बसवणारा इलेक्ट्रिशियन थांबायचा वेळ एक-दोन सेकंदांवर सेट करून जातो, त्याला आट्याचा चक म्हणजे काय ते माहीत नसतं. स्पिंडल झटक्यात थांबतं, जड चक आपल्या वेगाने पुढे फिरत राहतो आणि आटे सुटायला लागतात. पायाच्या ब्रेकचंही तेच. तेव्हा ड्राइव्हवर थांबायचा वेळ वाढवून घ्या, चक जेवढा जड तेवढा जास्त. आटे पाडताना स्पिंडल उलटं घ्यावं लागतं, विशेषतः इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना हाफ नट, म्हणजे टूलचा गाडा लीड स्क्रूला जोडणारा नट, सोडता येत नाही, तेव्हा मशीन पूर्ण थांबू द्या आणि मगच हळू स्पीडवर उलटं घ्या. उलट्या दिशेने कट मारायचा तर आट्याच्या चकवर मारूच नका. काही मशीनच्या बॅकप्लेटला मागून दोन क्लॅम्प असतात, ते स्पिंडलच्या खाचेत बसून चकला सुटू देत नाहीत, ते क्लॅम्प कुठेतरी ड्रॉवरमध्ये पडलेले असतील तर शोधून लावा.

चक काढलाच आहे तर तो उघडाही. थ्री जॉचे जबडे १, २, ३ असे नंबरचे असतात आणि खाचांनाही नंबर असतात, १ नंबरचा जबडा आधी, मग २, मग ३, स्क्रोलचं, म्हणजे जबडे सरकवणाऱ्या आतल्या गोल आट्याच्या प्लेटचं, तोंड येईल तसे. उलटसुलट घातले तर जॉब कधीच सेंटरला येणार नाही. आतला स्क्रोल रॉकेलने धुवायचा आणि हलकं तेल द्यायचं. पुष्कळ जण प्रेमाने ग्रीस भरतात, पण ग्रीसमध्ये बिडाचा कीस चिकटतो आणि त्याचा घासायचा मसाला तयार होतो, स्क्रोल आतून खाल्ला जातो. हवेच्या नळीने चक झाडणंही तसंच, कीस बाहेर कमी आणि आत जास्त जातो, शिवाय डोळ्यात उडतो ते वेगळंच. चावीला पाइप घालून आवळायची सवय असेल तर जबड्यांची तोंडं पुढून फाकलेली सापडतील, जॉब मागे घट्ट आणि पुढे सैल. असे जबडे टूलपोस्ट ग्राइंडरने परत घासून घेता येतात, पण रिंगवर ताण देऊन घासायला पाहिजेत, मोकळे घासले तर आवळल्यावर परत तेच. आणि नवा चक जुन्या बॅकप्लेटवर नुसता बोल्टने मारू नका, बॅकप्लेट आपल्याच स्पिंडलवर चढवून तिचा फेस आणि कॉलर आपल्याच मशीनवर मारायची.

४ मार्चला सगळीकडे राष्ट्रीय सुरक्षा दिन होतो, १९६६ साली राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली त्याची आठवण म्हणून. बॅनर लागतात, हेल्मेट आणि हातमोज्यांचं चित्र असतं. चार-पाच माणसांच्या शेडमध्ये जिथे हे काम चालतं तिथे तो बॅनर पोचत नाही, आणि पोचला तरी हातमोज्याचं चित्र लेथवाल्याला चुकीचं शिकवतं, फिरत्या चकजवळ हातमोजा घातला तर बोट सुटत नाही, हातच आत ओढला जातो. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड दोन वर्षांचा आहे, तिथले शिक्षक मनापासून शिकवणारे आहेत, माझी त्यांना एवढीच विनंती की प्रत्येक पोराकडून आट्याचा चक स्वतःच्या हाताने काढून, धुऊन, परत चढवून घ्या आणि वर डायल लावून दाखवायला लावा. वर्कशॉपमधला चक शिक्षकाने काढायचा आणि पोरांनी भोवती उभं राहून बघायचं, याने हात बसत नाही. मालकांनाही विनंती, महिन्यातून एक शनिवारची दुपार यासाठी द्या, त्या दुपारी जॉबचं नाव काढू नका. हंगाम सुरू व्हायच्या आत, म्हणजे या दसऱ्यालाच सुरुवात करा.

जाता जाता, जुनं लेथ विकत घेणाऱ्यांसाठी. दिवाळीच्या आसपास बरीच जुनी मशीनं हात बदलतात आणि घेणारा बेड बघतो, रंग बघतो, मोटर चालवून बघतो. विकणाऱ्याला म्हणा, चक काढून दाखव. त्याने टाळाटाळ केली, पाना सापडत नाही म्हणाला, तर समजून जा की तो चक वर्षानुवर्षं निघालेला नाही आणि तसा भाव करा. काढला तर आट्यांवर कुठे चेपलेलं, वेल्डिंग भरून परत मारलेलं दिसतंय का बघा, मग रजिस्टरवर डायल लावा, खांद्यावर डायल लावा आणि स्पिंडल हाताने सावकाश एक फेरा फिरवा. दोन्ही ठिकाणी काटा एक-दोन शतांशाच्या आत राहिला तर बाकी मशीन थोडं झिजलेलं असलं तरी घ्या, बाकीचं दुरुस्त करता येतं.

आपला,
एक टर्नर, उद्यमनगर, कोल्हापूर